मधोमध जमणारी

“पण त्यांना बोलावतं कोण, सर?”

ऋजुताने हे तिसऱ्यांदा विचारलं. गुरव सर कोंबड्यांसाठी सुपातली कणी अंगणभर फेकत होते.

पन्हाळ्याच्या पायथ्याशी सर एकटेच राहत. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला त्यांनीच तिला शिकवलं होतं. आता तिची स्वतःची प्रयोगशाळा होती. तिथले चार विद्यार्थी सोडून गेले होते. पाचव्याने, जोतिबाने, दुसरीकडे जाण्याचा अर्ज कालच तिच्या टेबलावर ठेवला होता.

“जीवाणू म्हणजे एवढीशी कांडी,” ती म्हणाली. “दुभंगायची वेळ आली की प्रथिनं बरोबर मधोमध जमतात, कडं करतात. हाक मारणारं कोणीतरी असणारच. सहा वर्षं शोधतेय.”

“आणि ती टोकाटोकाला धावणारी प्रथिनं?”

“ती नुसती हाकलतात, सर. या टोकाशी रेंगाळायचं, मग त्या टोकाशी. जिथे रेंगाळतील तिथे कडं होऊ देत नाहीत. पण हाकलून कधी कोणी जमतं का?”

सरांनी आणखी एक मूठ कणी फेकली.

इतक्यात तिचा फोन वाजला. जोतिबाच होता. ती उठून ओसरीवर येरझारा घालू लागली.

“अर्जावर सही? आल्यावर बघू! त्या बाटल्या धुतल्यास का?” ती एका टोकाला थांबून ओरडली. मग तरातरा दुसऱ्या टोकाला गेली. “उद्या म्हणजे? तुम्हा लोकांना लाज कशी वाटत नाही रे?”

पुन्हा हे टोक, पुन्हा ते.

फोन ठेवून ती धापा टाकत टोकाच्या पायरीवर बसली.

“आवाज चांगला लागतो गं तुझा,” सर म्हणाले. “डोंगरावरची माकडं गप्प झाली.”

तिला हसू आलं नाही.

“ऋजुता, कोंबड्या बघ.”

सगळ्या कोंबड्या ओसरीच्या मधल्या खांबासमोर दाटीवाटीने टिपत होत्या.

“तिथे कणी जास्त टाकलीत.”

“सगळीकडे सारखीच.”

तिने पाहिलं. ओसरीच्या दोन्ही टोकांसमोर कणी तशीच पडली होती. एकीनेही चोच लावली नव्हती.

तिला तिची प्रयोगशाळा आठवली. एका टोकाला तिची खोली, दुसऱ्या टोकाला जीवाणू वाढवायचं उबदार कपाट. दोन्हीकडे उभी राहून ती मुलांना बोलायची. मुलं मधल्या टेबलापाशी डबे उघडायची, खिदळायची. ती तिथून भरभर निघून जायची. त्या डब्यांत काय असतं, हे तिला सहा वर्षांत कळलं नव्हतं.

“सर…”

सरांनी सूप तिच्या मांडीवर ठेवलं आणि ते आत चुलीकडे गेले.

तिने मूठभर कणी पायाशी टाकली. बसून राहिली. उन्हं उतरली. चुलीचा धूर ओसरीवर आला. कोणी येत नव्हतं…

बऱ्याच वेळाने एक उघड्या मानेची कोंबडी बिचकत जवळ आली. तिने ऋजुताच्या अंगठ्याशेजारचा एक दाणा टिपला.



“सर, जोतिबा राहील का हो?”

आवाजासरशी कोंबडी फडफडत पळाली. ऋजुता तिच्यामागे जायला अर्धी उठली.

आतून सर म्हणाले, “गेली तर जाऊ दे. तू उठू नकोस.”