हौसाक्काचा चहा

"देवाचे आभार मानायला किती दिवसांचा उपास धरू, मदर? नऊ, की चाळीस?"

सिस्टर रेजिनाच्या हातात रिपोर्टचा कागद होता. माळावरच्या त्या घरात सिस्टर लोक एड्स झालेल्या माणसांना सांभाळत. तीन महिन्यांपूर्वी हौसाक्काचं रक्त काढताना म्हातारीनं हात हिसकला आणि तीच सुई रेजिनाच्या बोटात शिरली. महिनाभर गोळ्या घेतल्या, मग नुसतं वाट बघणं. आज शेवटचा रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि तिचा जीव भांड्यात पडला.

मदर ब्रिजिता चहा गाळत होत्या.

"या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही मी. हौसाक्कापाशीसुद्धा परत अवाक्षर काढलं नाही."

हे सांगताना रेजिनाची मान जरा ताठ झाली. पोरगी कामाला वाघ होती. फक्त ते तिला स्वतःलाच फार ठाऊक होतं.

मदरांनी कप पुढे केला. "हौसाक्काला नेऊन दे."

"तिनं चहा सोडलाय."

मग रेजिनानं गाऱ्हाणंच मांडलं. चहा म्हणजे जीव की प्राण असलेली बाई आता कपाकडे बघत नाही, हातावरच्या जखमेला हात लावू देत नाही, आपण गेलो की भिंतीकडे तोंड करते. एवढं करून हे फळ.

"कधी सोडला?"

"झाले की आता तीन..."

रेजिनानं हातातल्या रिपोर्टकडे पाहिलं.

मदर कप धरून उभ्याच होत्या.

रेजिनानं तो घेतला. हौसाक्काच्या खाटेवर ती टेकली आणि भिंतीकडे वळलेल्या त्या पाठीला तिनं सगळं सांगितलं. रिपोर्ट चांगला आलाय, मला काही झालेलं नाही. आधीच तुझ्याशी बोलायला हवं होतं, चुकलं माझं.

म्हातारी सावकाश वळली.

"तुमास्नी न्हाई न्हवं लागलं?"

"नाही, आक्का."

"माज्या हातनं पाप न्हाई न्हवं झालं?"

"नाही गं."

हौसाक्कानं कप ओढून घेतला. रडत रडत, फुरके मारत तिनं तो संपवला आणि बेचव आहे म्हणून तोंडही वाकडं केलं. मग बाही वर सारून जखमेचा हात रेजिनाच्या मांडीवर ठेवला. पट्टी बांधताना रेजिनाला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं.

रिकामा कप घेऊन ती परत आली.

"अजून एक मागतेय. साखर कमी होती म्हणे." तिनं डोळे पुसले. "आणि मदर... उपासाचं काय?"

मदरांनी कप भरला आणि डबा तिच्याकडे सरकवला.

"उपास झाला की, पोरी, तीन महिन्यांचा... साखर ने."