चौथं टॅपेट

ज्या इंजिनात नावालाही आवाज उरलेला नाही, त्यातली खोट शोधायची तर ती शोधायची कुठं, सांगा बघू?

धनपाल चौगुले हेच विचारत होता. विचारत होता आपल्या वस्तादांना, आणि विचारताना बॉनेटवर कोपर टेकून उभा होता. खोट नाहीच, असं त्याचं ते उभं राहणंच सांगत होतं.

गुलाब शिकलगार, म्हणजे वस्ताद, यांनी बरा कान पुढं केला. त्यांना एका कानानं ऐकू येत नव्हतं, आणि दुसऱ्या कानानं ते मनाला येईल तेवढंच ऐकत.

“काय म्हणालास?”

“म्हटलं, काही आवाज येतोय का?”

“मला? मला दारातनं जाणारा लग्नाचा बँड बी ऐकू येत न्हाई.”

धनपालला हसू आलं. मग आठवलं, आपण ह्यांना हसायला आणलेलं नाही.

मिरजेत, सतार करणाऱ्यांच्या गल्लीला लागून, वस्तादांचं गॅरेज होतं. धनपाल मिसरूड फुटायच्या आधीपासून तिथं हाताखाली होता. रॉकेलनं भरलेल्या ट्रेमध्ये नटबोल्ट धुवायचे, वस्तादांनी हात पुढं केला की न मागता बरोबर तो पाना त्या हातात द्यायचा, आणि चुकला तर तेलकट बोळ्याचा मार खायचा. पलीकडून कुणीतरी एकच तार पुन्हा पुन्हा छेडून बघत असायचं. त्या तारेच्या आवाजात तो मोठा झाला. पुढं सांगलीला त्याचं स्वतःचं गॅरेज झालं, वस्तादांचं बंद पडलं, आणि जाणंयेणं सणासुदीपुरतं उरलं.

आज तो स्वतः जाऊन त्यांना गावी घेऊन आला होता. इंजिन निवेपर्यंत त्यांना चहा पाजला होता, आणि आता दोघं मागच्या गोठ्यात उभे होते.

जनावरं विकल्यावर ह्या गोठ्यात अण्णांची फियाट उभी राहायची. अण्णा, म्हणजे धनपालचे वडील भूपाल चौगुले, जाऊन वर्ष उलटलं होतं. गाडी तशीच धूळ खात पडली होती. धनपाल प्रत्येक सुट्टीला गावी येऊन तिच्याशी झटला. तुळईला साखळी बांधून इंजिन उतरवलं. सगळं सोडवून आईच्या जुन्या परातीत धुतलं. सिलिंडर घासून आणले, पिस्टन आणि रिंगा नव्या घातल्या. मूळचा लहान कार्बोरेटर काढून मोठा बसवला, सायलेन्सर बदलला. परात काळीकुट्ट झाली. आईनं नवी मागवली.

“वस्ताद, रागावू नका,” तो म्हणाला. “पण तुमच्या हातचं एक चुकीचं काम मी नीट केलं.”

“कुठलं?”

“चौथं टॅपेट. तुम्ही ते दर वेळी ढिलं सोडायचात. सगळ्या गावाला ऐकू जायची ती टिकटिक. शाळेतली पोरं मला चिडवायची, आली बघ तुझ्या बापाची शिलाई मशीन! मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.”

“हं.”

“आता बघा. पाण्यासारखी चालते.”

“मग मला कशाला आणलंस?”

धनपालनं घराकडं पाहिलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून धूर निघत होता.

“आई बसत नाही गाडीत,” तो म्हणाला.

ह्या एका गोष्टीसाठी तर त्यानं एवढा खटाटोप केला होता. अण्णा गेल्यापासून आईनं उंबरा ओलांडला नव्हता. शेडबाळला तिची थोरली बहीण अंथरुणाला खिळली होती आणि रोज हिची वाट बघत होती. गाडी तयार झाली त्या दिवशी आईनं पिशवीत लुगडीही भरली. मग गाडी दारात आली. आई बाहेर आली, गाडीभोवती एक फेरी मारली, दार उघडून आतल्या सीटवरून हात फिरवला... आणि आत जाऊन पिशवी खुंटीला अडकवून टाकली.

“काय म्हणतात वैनी?”

“काही म्हणत नाही. एकदाच म्हणाली, ही आपली गाडी वाटत नाही रे. आणि मी ती घेऊन आलो की दर वेळी एकच. दचकते आणि म्हणते, तू आलेलं कळलंच नाही.” त्यानं बॉनेटवरचा हात काढला. “मी तरी किती मिनतवाऱ्या करू? उद्या सकाळी पुण्याचं एक गिऱ्हाईक येतंय. देऊन टाकतो. पण म्हटलं, एकदा तुमच्या नजरेखालून जाऊ दे. माझ्या कामात काही राहिलं असेल तर...”



“चालू कर,” वस्ताद म्हणाले.

इंजिन सुरू झालं. वस्तादांनी लांब स्क्रूड्रायव्हर उचलला, त्याचं टोक इंजिनाच्या डोक्यावर टेकवलं आणि लाकडी मूठ दातांत धरली. कान गेल्यापासून ते इंजिन दातांनी ऐकत. डोळे मिटून, वाकून, कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. धनपालला वाटलं, आपण पुन्हा मिसरूड न फुटलेला पोरगा झालो.

“बंद कर. लांब नेलीस तर काय करते?”

“मस्त पळते.”

वस्ताद नुसतेच बघत राहिले.

“...तापली की जरा दम खाते. नवीन आहे, होईल हळूहळू मोकळी.”

“झाकण काढ. पत्ती घे.”

इंजिनाची झडप, म्हणजे व्हॉल्व्ह, टॅपेटनं दाबली जाते; त्या दोघांमधली फट मोजायला पातळ पोलादी पत्ती असते, आणि फट जास्त राहिली की टॅपेट टिकटिकतं. धनपालनं वरचं झाकण काढलं आणि पहिल्या टॅपेटखाली पत्ती घालून बघितली. गेली नाही. दुसऱ्या खाली गेली नाही. तिसऱ्या, चौथ्या, कशाच्याच खाली गेली नाही.

“एवढं गच्च?”

“आवाज यायला नको म्हणून, वस्ताद.”

“लोखंड तापलं की वाढतंय, एवढं शिकवलं होतं ना मी? ते वाढणार कुठं? तुझ्या डोक्यात? तिथं बी जागा न्हाई.”

धनपालचे कान तांबडे झाले. तो खाली बसला आणि एकेक टॅपेट सोडवून, पत्ती मोजून, नीट लावायला लागला. वस्ताद उलट्या बादलीवर बसून बिडी ओढत होते. हाताला काम होतं म्हणून की काय, धनपालला बरं वाटलं. पलीकडून ती सतारीची तार तेवढी ऐकू यायला हवी होती.

“झालं,” तो उठत म्हणाला. “आता चूक सापडली. आता बसेल आई.”

“वैनी बसतील असं मी कुठं म्हणालो?”

“मग?”

वस्तादांनी बिडी विझवली. हात पुढं केला. जुन्या सवयीनं धनपालनं त्या हातात पाना द्यायला घेतला... पण वस्ताद किल्ली मागत होते.

“तू आत जा. वैनींच्या जवळ बस.”

“आणि काय करू?”

“काय करू नको. मी ओढ्यापर्यंत जाऊन येतो.”

आई दारात आली होती. “वस्ताद, ह्या वयात गाडी चालवायचं खूळ कशाला घेताय?”

“वैनी, पोरानं तिला माझ्यापेक्षा तरणी केलीय. तीच मला घेऊन येईल!”

गाडी निघाली. फाटकातून बाहेर पडली आणि जणू कुणी गेलंच नाही.

धनपाल चुलीपाशी पाटावर टेकला. इथं तो शेवटचा कधी बसला होता ते त्याला आठवेना. गॅस येऊन कितीतरी वर्षं झाली, पण आई संध्याकाळच्या भाकरी अजून चुलीवरच करी. चुलीत जाळ होता. तवा मात्र भिंतीला टेकून उभा होता. आईनं परातीत जोंधळ्याचं पीठ मळून ठेवलं होतं, नव्या परातीत, आणि तिचा हात त्यावर नुसताच पडून होता.

पश्चिमेच्या खिडकीतून आलेली उन्हाची पट्टी समोरच्या भिंतीवर, डब्यांच्या फळीच्या खाली पडली होती.

घरात दिवस मावळल्यावर जेवत नसत. जैनाचं घर, अण्णांचा नेम कडक. मिरजेतलं बियाण्याचं दुकान बंद करून ते धावतपळत यायचे, हातपाय धुवायचे, आणि पाटावर बसले की पहिली भाकरी तव्यावरून थेट त्यांच्या ताटात पडायची. पोपडा सुटलेली, वाफ येणारी. कधी एक दिवस गार भाकरी नाही की कधी दिवस मावळून गेला असं नाही. ही वेळ आईला कशी साधते, असा प्रश्न धनपालला त्या वयात पडला नव्हता. भाकरी गरमच असते, एवढंच त्याला माहीत होतं.

“तवा ठेवत नाहीस?” त्यानं विचारलं.

“ठेवते की. वस्ताद येऊ देत. आधी ठेवला तर जळून जातो.”

पट्टी फळीला लागली.

आईनं मान थोडी वळवली. खिडकीकडं नाही, ओढ्याच्या वळणाकडं. तिकडं तर नुसती भिंत होती.

“काय ऐकतेस?”

“काही नाही रे.” ती हसली. “सवय.”

आता धनपालही ऐकू लागला. शेजाऱ्यांची म्हैस हंबरली. चुलीत काटकी तडकली. वर कौलांवर पाखरं नाचत होती. गाडी कुठं होती? वळली असेल का? पुलावर असेल का? म्हातारा कुठं धडपडला तर नसेल? बॉनेट उघडून तो आयुष्यभर इंजिनं ऐकत आला होता, पण इथून, चुलीपाशी बसून, त्यानं एकही ऐकलं नव्हतं.

पट्टी डब्यांच्या झाकणांवर चढली, बारीक झाली, आणि गेली.

“वैनी.”

दोघंही दचकले. वस्ताद उंबऱ्यात उभे होते.

“अगंबाई!” आई म्हणाली. “आलात होय? कळलंच नाही.”

तिनं भिंतीकडं पाहिलं. मग मळलेल्या पिठावर ताट झाकलं आणि चुलीतली लाकडं मागं ओढली.

“तुमच्यासाठी टाकते हं दोन भाकरी. आमचं आता राहू दे.”

“मला बी नको, वैनी. दूध द्या कपभर.”

धनपाल बाहेर आला. गाडी दारातच उभी होती. ती आली कधी, थांबली कधी, काही पत्ता नव्हता. त्यानं बॉनेटवर हात ठेवला. चांगलं गरम होतं. मागून वस्ताद आले.

“कशी चालली?” त्यानं विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

“लोण्यासारखी. दम बी खाल्ला न्हाई.”



“वस्ताद... चौथं टॅपेट तुम्ही का ढिलं सोडत होता?”

“मी कुठं सोडत होतो?”

“मग?”

वस्तादांनी खिशात बिडी चाचपली, पण काढली नाही.

“पहिल्यांदा मी नीट लावून दिलं होतं. माझं काम काय, नीट लावायचं. दुसऱ्या दिवशी तुझा बाप परत दारात. म्हणाला, वस्ताद, घर मुकं झालं...”

आत आईनं कपाला बशी लावल्याचा आवाज आला.

 धनपाल हट्टानं म्हणाला, “पण ते चूक आहे, वस्ताद. तुम्हीच शिकवलंत. फट मापात पाहिजे. एक जरी टॅपेट ढिलं राहिलं तरी ते काम चूक.”

“चूकच हाय.”

“मग मी काय करू?”

वस्तादांनी हात पुढं केला. धनपालनं किल्लीसाठी हात पसरला... त्याच्या तळहातावर फट मोजायच्या पत्त्यांचा जुडगा पडला.

“चौथ्याला दोन पत्त्या घाल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी धनपालनं पुण्याच्या गिऱ्हाइकाला येऊ नका म्हणून कळवलं, गाडी टिकटिकत ओढ्यापर्यंत नेली आणि तशीच परत आणली. तो दारात उतरला तेव्हा आईची पिशवी खुंटीवरून उंबऱ्यावर आली होती, आणि चुलीवर तवा तापलेला होता.