नावेला देहदंड

दसऱ्याच्या दिवशी रणधवल महाराजांनी एका नावेला देहदंड ठोठावला.

गुन्हा उघड होता. सीमोल्लंघनाला नदी ओलांडायची आणि पैलतीरावर पाऊल न टाकता थेट उडीच मारायची, अशी महाराजांच्या घराण्याची रीत. पणजोबा घोड्यावरून उडी मारत. महाराज घोड्याला झेपत नसत, म्हणून नावेतून. नावेच्या टोकावर उभं राहून त्यांनी सगळा जोर लावून उडी मारली आणि नाव मागे सरकली. महाराज काठावर पोचायचे ते चिखलात पोचले, तेही तोंडावर. सगळ्या प्रजेदेखत!

"फितुरी!" चिखल पुसत महाराज गरजले. "ऐन मोक्याला माघार घेते! कापा तिला! मुदपाकखान्यात जळणाला टाका!"

"अगदी योग्य न्याय," प्रधान त्र्यंबकपंत म्हणाले. ते अंगाने महाराजांइतकेच भरलेले होते आणि त्यांचं मत महाराजांच्या मतापेक्षा कधी वेगळं पडत नसे. "मी नावेत असतो, तर महाराजांसाठी नदीत उडी घेतली असती!"

त्यांना तसं कुणी विचारलं नव्हतं.

नावाडी धाकलूच्या तोंडचं पाणी पळालं. नाव गेली की घरची चूल गेली. त्याची मुलगी गोजरा मात्र पुढे झाली.

"महाराज, नाव फितूर नाही. तुम्हीच तिला ढकललंत."

"मी? माझे हात तर वर होते!"

"पायांनी ढकललंत. पुढं जायचं तर माणूस मागं रेटतोच. जमीन जड, ती हलत नाही. नाव हलकी, ती सरकते. तुम्ही जेवढा जोर लावला, तेवढी ती मागं गेली. तुमचा जोर मोठा, त्याला ती काय करणार?"

जोराचं कौतुक महाराजांना आवडलं, पण कानात अजून चिखल होता.

"बरं! उद्या मी पुन्हा अशीच उडी मारणार. नाव तसूभरही हलली नाही, तर सोडून देईन. पण दोर बांधायचा नाही, बांबू रोवायचा नाही, पाण्यात उतरून कुणी धरायची नाही. बांधून ठेवलेली निष्ठा मला नको!"

"चालेल," गोजरा म्हणाली. "फक्त नावेत कोण बसायचं ते मी ठरवणार."

"ठरव!"

दुसऱ्या दिवशी पैलतीरावर कालच्यापेक्षा जास्त गर्दी होती. नाव काठाशी आली. महाराज पुढच्या टोकावर उभे राहिले.

"प्रधानजी, तुम्ही मागच्या टोकावर," गोजरा म्हणाली. "तोंड नदीकडं करा."

"मी? कशाला?"

"काल म्हणालात ना, महाराजांसाठी नदीत उडी घ्याल म्हणून? पाणी छातीइतकंच आहे."

त्र्यंबकपंतांनी आशेने महाराजांकडे पाहिलं. महाराज म्हणाले, "घ्या की!"

"मी तीन म्हटलं की दोघांनी एकदम उडी मारायची," गोजराने बजावलं. "जोर सारखा हवा. प्रधानजी, हातचं राखू नका हं. एक! दोन! तीन!"

महाराज काठावर दोन्ही पायांवर, कोरडेठाक उतरले. नदीत मोठा आवाज झाला. मधे नाव होती तिथेच उभी राहिली, यातलं काही तिच्या कानावर नसल्यासारखी. पाण्यातून आधी पगडी वर आली, मग प्रधान.

"हलली नाही!" महाराज ओरडले.

"दोघांनी दोन्हीकडं सारखंच रेटलं, महाराज. बिचारी कुणीकडं जाणार?"

महाराजांच्या कपाळावर आठी पडली. "म्हणजे दर दसऱ्याला मला एक प्रधान भिजवावा लागणार?"

"नाही, महाराज. हळूच पाऊल टाकून उतरलं, तर एकही लागत नाही. आमची गाभण म्हैससुद्धा तशीच उतरते."

धाकलूने डोळे मिटून घेतले. हसावं की संतापावं हे ठरेना, म्हणून त्र्यंबकपंत पाण्यातच थांबले.

आणि महाराज हसले! पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. हसता हसता त्यांनी हातातलं सोन्याचं कडं गोजराला दिलं, घाटावरची नाव धाकलूच्या घराण्याकडे पिढ्यानपिढ्या राहील असं जाहीर केलं, आणि देहदंड माफ झालेल्या नावेला स्वतः झेंडूचा हार घातला.

पुढच्या दसऱ्याला महाराज नावेच्या टोकावर आले. घराण्याची रीत काही त्यांना मोडवेना. त्र्यंबकपंत कोरडं धोतर घरूनच घेऊन आले होते.