कुळूम गवत आणि रंगीत खिडकी

विलायतेच्या राणीचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. महाबळेश्वरला एका साहेबाने बंगला बांधला. त्याला गोल मनोरा होता, कोरीव लाकडाची झालर होती आणि मनोऱ्यावर रंगीत काचांची खिडकी होती. येणाऱ्याजाणाऱ्याची मान तिच्याकडे वळे, आणि हे तिला चांगलंच ठाऊक होतं.

पण दर वैशाखात गेनू माळी कुळूम गवताचे जाड पडदे विणायचा आणि पावसाआधी सगळा बंगला त्यांत गुंडाळून टाकायचा. मग दसऱ्यापर्यंत अंधार.

"मी काय गोठ्यातली म्हैस आहे, गवतात राहायला?" खिडकी एकदा फणफणली.

"चार महिने कळ काढ, बाई," खालची जांभ्या दगडाची भिंत म्हणाली. "पाऊस तुझ्यावरून ओघळून जातो. मी तो पिते. गवत आहे म्हणून उभी आहे."

"ते तुझं तू बघ!" म्हणत खिडकीने वाऱ्याला लाडीगोडी लावली आणि पडद्याच्या गाठी सोडवून घेतल्या. पडदा गेला दरीत. पावसाळाभर ती एकटी झळकत राहिली. धुक्यात बघायला मात्र कुणी नव्हतं.

दसऱ्याला गेनूने गवत उतरवलं. बाकी बंगला ठणठणीत होता, पण खिडकीखालची भिंत भिजून भुसभुशीत झाली होती. काचेवर मात्र ओरखडाही नव्हता.

"भिंतच धरेना, तर हिला बसवू कुठे?" गेनू हळहळला. त्याने ती जागा दगडांनी बुजवली. खिडकी जपून अडगळीच्या खोलीत ठेवली, आणि फुटू नये म्हणून कुळूम गवतात गच्च गुंडाळली.