पंतांचे स्वतःचे शब्द

सोनगिरीच्या महाराजांनी दरबाराच्या भिंती रंगवायचे काम म्हादबा चिताऱ्याला दिले, तेव्हा दिवाण त्र्यंबकपंतांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ते काम त्यांना आपल्या मेहुण्याला मिळवून द्यायचे होते.

भर दरबारात ते म्हणाले, "महाराज, या माणसाने उमेदीची वर्षे जुन्या लेण्यांतली चित्रे गिरवण्यात घालवली. याचे स्वतःचे असे काय आहे? जुन्यांचे काहीही न घेता एक चित्र काढून दाखवावे, नाहीतर काम सोडावे."

डोळ्यांत भाव कसा आणावा, हे म्हादबाला लेण्यांतल्या त्या चेहऱ्यांनीच शिकवले होते. ते नाकारायचे कसे?

तो हात जोडून म्हणाला, "काढतो, पंत. कसले चित्र हवे तेवढे सांगा. फक्त सांगताना वाडवडिलांचा एकही शब्द वापरू नका. सगळे शब्द तुमचे स्वतःचे हवेत."

पंत उसळून म्हणाले, "शब्द कधी कुणाचे स्वतःचे असतात का?"

महाराज हसले. "पंत, मघाचे तुमचे शब्दही वाडवडिलांचेच होते, पण तक्रार मात्र अगदी तुमची स्वतःची होती. याच्या चित्राचेही तसेच समजा."

दुसऱ्या दिवशी म्हादबाने रंगासाठी पहिली भिंत घोटून गुळगुळीत करायला घेतली.