उंबरखोऱ्याच्या तालमीतलं सांगणं

उंबरखोऱ्याची तालीम गावाच्या वरच्या अंगाला, गडाच्या पायथ्याशी आहे. आत तांबड्या मातीचा हौदा आणि त्याच्या शेजारी फरशीची जागा. त्या फरशीवर मॅट अंथरून आता आठवड्यातून तीन दिवस कराटेचा वर्ग भरतो. शिकवायला तालुक्याहून शलाका पाटणकर येतात. मुलंमुली चपला दाराबाहेर ओळीने लावतात, कापलेली नखं दाखवतात, पट्टा नीट बांधून एकमेकांना वाकून नमस्कार करतात. इथवर सगळं कुठल्याही वर्गासारखंच. पण जोड्या लावण्याआधी इथे आणखी एक गोष्ट होते. प्रत्येक जण आपलं दुखरं अंग हाताने दाखवतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतो. "डावा घोटा मुरगळलाय." "काल दाढ काढलीय." ज्याचं काहीच दुखत नाही तो म्हणतो, "अंग साफ." सांगितलेल्या जागी समोरचा हात लावत नाही. गावात याला 'सांगणं' म्हणतात.

पट्ट्याच्या परीक्षेला एकदा शहरातले पालक आले होते. त्यांतले एक जण हसून म्हणाले, "ही पोरं लढायला आलीत की दवाखान्यात?"

तालमीच्या किल्ल्या सांभाळणारे भैरूतात्या दाराशी बसले होते. ते म्हणाले, "बसा साहेब. तुमच्या लेकाची पाळी यायला अवकाश आहे." आणि त्यांनी सांगितलं ते असं.

गडावर शिबंदी होती त्या काळची गोष्ट. तालमीचे वस्ताद होते सुभानजी. फरी-गदक्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता, असं सांगतात. फरी म्हणजे डाव्या हातातली कातडी ढाल, आणि गदका म्हणजे कातडं चढवलेली काठी. सुभानजींच्या गुरूंनी मोडलेल्या बोटाने तीन डाव खेळून दाखवले होते म्हणे. त्यामुळे सुभानजींनी शिष्यांना पहिल्याच दिवशी घालून दिलेला नियम एकच होता. मातीत उतरलेल्याने दुखणं सांगायचं नाही. वस्तादांनी नाव घेतलं की उभं राहायचं.

तालमीत आणखी एक रीत होती. मोठा गडी लहान पोराशी खेळताना फरी खाली सोडून खेळे. तुझ्यासाठी मला ढाल लागत नाही, असा त्याचा अर्थ. लहान पोरांना त्याचं काही वाटत नसे, पण बरोबरीच्या गड्यासमोर फरी सोडणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकण्यासारखं.

दौलू हा सुभानजींचा सगळ्यांत लाडका शिष्य. बाप नव्हता, घरी आई एकटी. वस्तादांना मूलबाळ नव्हतं, म्हणून दसऱ्याला दौलू आधी त्यांच्या पाया पडे आणि मग देवळात जाई. एके वर्षी गडावर घेण्यासाठी गडी निवडायचे होते. निवडीच्या तीन दिवस आधी दौलूला नांगराच्या बैलाने डाव्या बरगडीत लाथ मारली. आईने हळदीचा लेप लावून फडकं बांधलं आणि म्हणाली, "वस्तादांना सांग. ते काय वाघ आहेत का, खातील तुला?"

"वाघ असते तर सांगितलं असतं, आये," दौलू म्हणाला. "वस्ताद आहेत."

निवडीच्या दिवशी किल्लेदाराची माणसं कट्ट्यावर येऊन बसली. सुभानजींनी दौलूचं नाव घेतलं, आणि समोर बहिरजीचं. बहिरजी वर्षाने लहान, पण तोडीस तोड. दौलू उभा राहिला. त्याचा डावा हात कोपराच्या वर जात नव्हता. बरगडीत सुरी फिरावी तशी कळ येत होती. फरी गुडघ्याशी लोंबत राहिली.

बहिरजीला वाटलं, आपला अपमान चाललाय. तो दात खाऊन म्हणाला, "दौलूदा, फरी वर घे. मी काय शेंबडं पोर आहे?"

दौलू नुसता हसला. खरं सांगायची बंदी होती आणि खोटं त्याला बोलता येत नव्हतं. त्या हसण्याने बहिरजी आणखीच पेटला.

भोवतीच्या पोरांना दिसत होतं की दौलूचा चेहरा राखेसारखा झालाय आणि तो वाकडा उभा आहे. दिसत नव्हतं ते एकट्या वस्तादांना. सुभानजींच्या उजव्या डोळ्यात तीन वर्षांपूर्वीच फूल पडलं होतं आणि डाव्या डोळ्यापुढे धुकं होतं. पावलांच्या आवाजावरून ते डाव ओळखत, आणि इतकं अचूक ओळखत की कोणाला शंका आली नव्हती. दुखणं सांगायचं नाही हा नियम त्यांनी स्वतःही पाळला होता. त्यांना दिसली ती खाली लोंबणारी एक काळी सावली. पाहुण्यांसमोर आपला शिष्य मस्ती करतोय असं वाटून ते ओरडले, "दौलू, माज आला का? बहिरजी, दाखव त्याला!"

बहिरजीने पूर्ण ताकदीने गदका फिरवला. तो उघड्या डाव्या कुशीत बसला. दौलू गुडघ्यावर आला, मातीला हात लावून त्याने वस्तादांना मुजरा केला, आणि त्याच्या तोंडातून रक्त आलं. सूर्य कलायच्या आत तो गेला.

सुभानजी त्याच्या आईपुढे जाऊन उभे राहिले. ती रडली नाही म्हणे. एवढंच म्हणाली, "वस्ताद, साऱ्या तालमीला दिसलं. तुम्हाला कसं दिसलं नाही हो?"

सुभानजींच्या ओठांवर उत्तर आलं आणि तिथेच थांबलं. आयुष्यभराची सवय आडवी आली. ते तसेच परत फिरले.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं तालमीत जमली. कोणी लंगोट कसला नव्हता. सुभानजी हौद्यात उतरले, हात डोळ्यांवर ठेवला आणि म्हणाले, "माझा उजवा डोळा गेलाय. डाव्यानं धुकं दिसतं. तीन वर्षं झाली. हे मी सांगितलं असतं तर खेळ बघायला दुसरा कोणी बसला असता." मग दाराच्या दिशेने वळून म्हणाले, "बाई, हे तुमचं उत्तर." दाराशी दौलूची आई उभी होती. ती कधी आली ते कोणी पाहिलं नव्हतं. वस्तादांनी मात्र तिची पावलं ओळखली होती.

 बहिरजीने आपला उजवा हात पुढे केला. "वस्ताद, हा आता उचलत नाही," तो म्हणाला. हाताला काही झालं नव्हतं. पण त्यानंतर त्याने गदका कधीच धरला नाही, असं सांगतात. मग एकेक पोरगा उठला आणि आपापलं सांगू लागला. जुन्या जखमा, लपवलेले ताप, रात्रीची भीती. दौलूची आई शेवटचा पोरगा बोलेपर्यंत उभी होती.

भैरूतात्या थांबले. आत शलाकाबाईंनी टाळी वाजवली आणि मुलं ओळीत उभी राहिली.

आजही या तालमीत पहिलं सांगणं शिकवणाऱ्याचं असतं. त्या दिवशी शलाकाबाईंनी गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "उजवा गुडघा. जिना उतरताना दुखतो." त्यांच्यानंतर लगेच कोणी बोललं नाही. कधीच बोलत नाहीत. एका माणसाला एक वाक्य सांगायला लागेल तेवढा वेळ सगळे माना खाली घालून गप्प राहतात. ती दौलूची पाळी. मघाशी हसलेले पालकही उभे राहिले होते. मग ओळीतल्या पहिल्या मुलीने मनगट वर केलं.