बंपरवरचं लिंबू आणि गिअरबॉक्समधलं तेल

लिंबांच्या हिशेबात ही फार फार जुनी गोष्ट आहे, म्हणजे गेल्या शनिवारची. मुरलीधर ढमढेऱ्यांनी आपल्या जीपच्या बंपरला मला बांधलं, सोबत सात मिरच्या. तासाभरातच माझी खात्री पटली, की ही जीप माझ्याच जोरावर चालते.

तेवढ्यात गिअरबॉक्समधलं तेल खालून म्हणालं, "लिंबूराव, मालकांच्या कानावर घाला ना जरा. चार पावसाळे झाले, मला कुणी बदललं नाही. माझा पार काळा काढा झालाय. गिअरचे दात एकमेकांवर घासतात, आता मला सांभाळवत नाहीत."

"घाबरायचं काय त्यात?" मिरच्यांना मिशांसारखा पीळ देत मी म्हटलं, "पुढे मी आहे ना!"

मंगळवारी घाटात मालकांनी गिअर बदलला. कर्र असा आवाज आला आणि जीप मागे घसरू लागली. उतारूंनी पटापट उड्या टाकून चाकांखाली दगड लावले, म्हणून सगळे वाचले. तोवर मी, जीपचा रक्षणकर्ता, डोळे घट्ट मिटून लोंबकळत होतो.

मालक उतरले आणि गाडीखाली न वाकता थेट माझ्याकडे आले.

"तरीच!" ते उतारूंना म्हणाले, "लिंबू सुकलंय हो. आजच नवीन बांधतो."

त्यांनी मला तोडून भिरकावलं. पडायचं तर नेमकं गिअरबॉक्सखाली! वरून काळ्या तेलाचा एक थेंब माझ्यावर टपकला.

"नशीबवान आहात, लिंबूराव," तेल म्हणालं. "तुम्हाला निदान बदलतात तरी."